हलू नकोस : एकोणिसाव्या शतकातील कॅमेरा आणि त्याच्यासमोरचे मूल

लाँगफेलो यांचे ‘द साँग ऑफ हायावाथा’ हे दीर्घकाव्य १८५५ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच्या ठेक्याने इंग्रजी वाचकांना वेड लावले. हा ठेका इतका सोपा आणि इतका चिकट होता, की विडंबनकारांचे फावलेच. १८५७च्या डिसेंबरात ‘द ट्रेन’ या लंडनच्या मासिकात असेच एक विडंबन छापून आले. कवितेचे नाव ‘हायावाथाज फोटोग्राफिंग’ आणि कवीचे नाव लुईस कॅरल. केशवकुमारांच्या ‘झेंडूची फुले’वर पोसलेल्या मराठी वाचकाला या जातीच्या विनोदाची ओळख करून देण्याची गरज नाही. वृत्त उदात्त घ्यायचे आणि त्यात घरगुती फजिती ओतायची, ही युक्ती सर्व भाषांत सारखीच चालते.

कवितेतील फजिती अशी. हायावाथा आता शिकारी राहिलेला नाही. तो फोटोग्राफर झाला आहे. एका सुखवस्तू कुटुंबात तो कॅमेरा घेऊन जातो. कुटुंबप्रमुखाला नेपोलियनसारखे उभे राहायचे असते, पण तो मोक्याच्या क्षणी हलतो. त्याची पत्नी साटीन आणि रत्ने लेवून येते आणि बसल्या जागी अखंड बोलत राहते. थोरला मुलगा रस्किन वाचून आलेला, त्यामुळे त्याला अंगाच्या प्रत्येक वळणात सौंदर्य आणायचे असते. थोरल्या मुलीला सोशिक सौंदर्याचा भाव हवा असतो आणि त्या प्रयत्नात तिचा चेहरा पार बिघडतो. सर्वांत शेवटी धाकटा मुलगा येतो. त्याचे केस राठ, गाल लाल, जाकीट धुळीने माखलेले. तो एका जागी ठरत नाही आणि बहिणी त्याला नको त्या नावांनी हाका मारत असतात. त्याचे चित्र इतके भीषण येते, की त्याच्या तुलनेत आधीची बिघडलेली चित्रे बरी वाटू लागतात. हताश झालेला हायावाथा अखेरीस सगळ्यांना एकत्र कोंबून एकच समूहचित्र घेतो, आणि ते मात्र उत्तम साधते. प्रत्येक जण जसा आहे तसा त्यात उमटतो. साहजिकच ते चित्र कुणालाच पसंत पडत नाही. सगळे कुटुंब त्यावर तुटून पडते आणि हायावाथा सामान आवरून आगगाडी गाठतो.

कवितेच्या या पहिल्या पाठात कॅरल यांनी काचेवर रसायन चढवण्यापासूनची सारी क्रिया त्याच ठेक्यात गोवली होती. पुढच्या संग्रहांतील पाठांत हा भाग गळाला, कारण तोवर वाचकांना त्या क्रियेचे अप्रूप उरले नव्हते. आम्हांला मात्र हा गळालेला भागच अधिक मोलाचा वाटतो, कारण फजितीचे मूळ त्या रसायनात आहे.

साहित्याच्या वर्गात डिकन्सची किंवा शार्लट ब्राँटेची कादंबरी शिकवताना त्या काळातील मुलांची छायाचित्रे दाखवण्याची पद्धत आहे. ओठ मिटलेली, डोळे ताणलेली, प्रौढांचे कपडे लहान मापात शिवल्यासारखी दिसणारी ती मुले पाहून निष्कर्ष लगोलग काढला जातो : त्या समाजाने मुलांना हसण्याचीसुद्धा मुभा दिली नव्हती. हा निष्कर्ष आम्हीही कधीकाळी काढला आहे आणि विद्यार्थ्यांनी तो वह्यांत उतरवूनही घेतला आहे. आज तो मागे घ्यावासा वाटतो. त्या काळी मुलांवर शिस्तीचा बडगा नव्हता असे आमचे म्हणणे नाही. पण हे छायाचित्र त्या बडग्याचा पुरावा नव्हे. मुलाला किती वेळ निश्चल बसवावे लागले आणि ते कोणत्या उपायाने बसवले, याची खूण मात्र त्यात आहे. ती खूण वाचायची तर थोडे तंत्रात शिरावे लागते.

डागेर यांच्या प्रकाशचित्रणाची कृती १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये जाहीर झाली, तेव्हा भर उन्हातही काचभिंग कित्येक मिनिटे उघडे ठेवावे लागे. इमारतींना हे चालते. माणसांना चालत नाही. १८४० साली व्हिएन्नात पेट्झव्हाल यांनी खास व्यक्तिचित्रांसाठी अधिक प्रकाश घेणारे भिंग आखले, रसायनांतही सुधारणा झाल्या आणि मिनिटांचे काम सेकंदांवर आले. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढची सुमारे तीस वर्षे तिचेच राज्य होते. या पद्धतीत काचेवर चिकट द्रव पसरायचा, ती रुप्याच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्यापूर्वी अंधाऱ्या खोलीत नेऊन चित्र उमटवायचे. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. प्रत्यक्ष प्रकाश पडण्याचा काळ उजेडानुसार काही सेकंदांपासून पाऊण मिनिटापर्यंत किंवा त्याहून अधिक. मुलाने नाक खाजवले तर चेहऱ्याच्या जागी धुके उमटे, काच वाया जाई आणि नव्या काचेची सिद्धता होईपर्यंत मूल खुर्चीवरून उतरून कुठेतरी पळालेले असे.

तीस सेकंद म्हणजे फार नव्हे, असे ज्याला वाटेल त्याने घरातील तीन वर्षांच्या मुलाला समोर बसवून घड्याळ लावून पाहावे.

१८५४ साली पॅरिसच्या दिस्देरी यांनी एकाच काचेवर अनेक लहान चित्रे घेण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि भेटपत्रिकेच्या आकाराची छायाचित्रे स्वस्त झाली. कुटुंबाचे चित्र ही तोवर तैलरंगांत रंगवून घेणाऱ्या श्रीमंतांची मिरास होती, ती आता दुकानदार आणि कारकुनांच्या आवाक्यात आली. स्टुडिओंत मुलांची रीघ लागली. या घाईचे एक कारण मोठे दुःखद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-वेल्समध्ये जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे दीडशे बालके वर्षाच्या आतच दगावत. ज्याला अजून मानही सावरता येत नाही अशा बाळाला घेऊन आई-वडील छायाचित्रकाराकडे का धावत, याचे उत्तर या आकड्यात आहे. वाट पाहणे परवडणारे नव्हते.

छायाचित्रकारांपाशी पहिला उपाय लोखंडाचा होता. जड बैठकीवर उभी केलेली सळई आणि तिच्या टोकाला मानेमागे बसणारा चिमटा. मोठ्यांना याचा आधार दिला जाई आणि अनेक जुन्या चित्रांत बुटांच्या मागे त्या बैठकीचे पाय डोकावताना दिसतात. (हे टेकू मृतांना उभे करण्यासाठी वापरत, अशी एक भाकडकथा अलीकडे फार पसरली आहे. त्या सळईला प्रेताचा भार पेलणे शक्यच नव्हते. ती होती डुलणाऱ्या जिवंतांसाठी.) लहान मुलांच्या कमरेला पट्टा बांधून त्यांना खुर्चीला जखडत. काचा निळ्या प्रकाशाला उतावीळ आणि तांबड्याला जवळजवळ आंधळ्या असल्याने मुलांना कोणत्या रंगाचे कपडे घालावेत याच्याही सूचना असत. ऊन चढलेले असताना मुलांना आणावे, कारण तेव्हा वेळ कमी लागतो, असे पालकांना बजावले जाई.

पण तान्ह्या बाळाला चिमटा लावता येत नाही आणि पट्टाही पुरत नाही. तिथे माणसाचा हात लागतो. आता ‘लपलेली आई’ या नावाने ओळखली जाणारी चित्रे या गरजेतून जन्मली. आई खुर्चीवर बसे, तिच्या अंगावर डोक्यापासून पायांपर्यंत गालिचा किंवा पडदा टाकला जाई आणि त्या झाकलेल्या आकाराच्या मांडीवर बाळ ठेवले जाई. कधी ती खुर्चीच्या पाठीमागे दडे आणि फक्त हात पुढे काढी. चित्र तयार झाले की त्यावर लंबवर्तुळाकार खिडकीचा पुठ्ठा बसवत, म्हणजे कडेचा आकार आपोआप झाकला जाई. जिथे तेवढ्याने भागले नाही तिथे आईचा चेहरा सरळ खरवडून टाकलेला आढळतो. इटलीतील कलाकार लिंडा फ्रेन्यी नाग्लर यांनी अशी सुमारे हजार चित्रे जमवून २०१३च्या व्हेनिस द्वैवार्षिकात मांडली, तेव्हा या प्रकाराकडे जगाचे लक्ष गेले.

अशी दोन-चार चित्रे ओळीने पाहिली तर प्रथम हसू येते. पंधरा-वीस पाहिली की हसू थांबते. पुठ्ठ्याच्या आत मूल एकटे दिसावे, हा त्या काळच्या ग्राहकाचा आग्रह होता. नातेवाइकांना पाठवायचे ते बाळाचे चित्र, आईचे नव्हे, हे त्यामागचे व्यावहारिक कारण. ते आम्हांला मान्य आहे. तरीही बाळ शांत आहे ते आईच्या स्पर्शामुळे, आणि त्या शांततेचे श्रेय चित्रात कुठेही नाही, हे डोळ्यांआड करता येत नाही. गालिच्याखाली तीही श्वास रोखून बसली होती. निश्चलतेची अट दोघांनाही होती.

हिंदुस्थानात या चित्रप्रकाराला निराळे वळण मिळाले. मुंबईत १८५४ साली बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, लगेच पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखी एतद्देशीय माणसे या विद्येत लवकरच नावारूपाला आली. येथील इंग्रज कुटुंबांनी आपल्या मुलांची जी चित्रे काढून घेतली, त्यांत मुलाला धरणारी व्यक्ती बहुधा आया असे. तिला गालिच्याखाली लपवण्याची कुणाला गरज वाटली नाही. ती पूर्ण दिसते, चेहऱ्यानिशी, दागिन्यांनिशी. मात्र चित्राखाली मुलाचे नाव लिहिलेले असते आणि तिच्या जागी ‘आया’ एवढाच शब्द. विलायतेत आईला कापडाने झाकले. इथे झाकण्याचे काम त्या एका शब्दाने केले.

मराठी घरांत छायाचित्र रुळायला वेळ लागला. फोटो काढल्याने आयुष्य कमी होते ही समजूत जुन्या पिढीने अनेकांच्या कानांवर घातली असेल. पुढे फोटो आला आणि त्याबरोबर त्याचा उताराही आला. स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यापुढे, बाळलेणी घालून बसवलेल्या आपल्याकडच्या जुन्या बाळांच्या गालावर काजळाची तीट ठसठशीत दिसते. हलू नये म्हणून समोर कुणी खुळखुळा वाजवत असणार, कारण बाळाची नजर कॅमेऱ्याच्या किंचित वर लागलेली असते. आणि आई मांडी घालून उघड्या चेहऱ्याने चित्रातच बसलेली असते. आमच्या पाहण्यात लपलेल्या आईचे मराठी चित्र अद्याप आलेले नाही. यातून फार मोठा सिद्धांत काढायची आमची तयारी नाही. आपल्याकडे घरोघरी छायाचित्र पोचले तोवर काचा बऱ्याच वेगवान झाल्या होत्या, हेही कारण असू शकेल.

आता पुन्हा कॅरल यांच्याकडे वळू, कारण लोखंड आणि हात यांपलीकडचा तिसरा उपाय त्यांच्यापाशी होता.

ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमध्ये गणित शिकवणारे चार्ल्स डॉजसन, म्हणजेच लुईस कॅरल, यांनी १८५६च्या वसंतात कॅमेरा विकत घेतला. २५ एप्रिल १८५६ रोजी ते मित्राबरोबर कॉलेजच्या डीनच्या बागेत गेले. हेतू होता तिथून दिसणाऱ्या कॅथीड्रलचे चित्र घेण्याचा. दोन्ही प्रयत्न फसले. बागेत डीनसाहेबांच्या तीन लहान मुली खेळत होत्या. त्यांना चित्राच्या पुढील भागात मांडण्याचा प्रयत्न झाला, पण बसण्याच्या बाबतीत त्या मुळीच सोशीक नाहीत, अशी नोंद डॉजसन यांनी त्या दिवशीच्या रोजनिशीत केली आहे. तरीही तो दिवस त्यांनी शुभदिनांत जमा केला, कारण मुलींशी दोस्ती झाली होती. त्या तिघींपैकी मधल्या मुलीचे नाव अ‍ॅलिस लिडेल. तिला चार वर्षे पूर्ण व्हायला अजून काही दिवस होते.

‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’च्या जन्मकथेत ४ जुलै १८६२च्या नौकाविहाराला मानाचे स्थान आहे आणि ते योग्यच आहे. पण त्या नौकाविहाराच्या सहा वर्षे आधीची ही फसलेली दुपार आम्हांला तितकीच अर्थपूर्ण वाटते. कॅरल आणि अ‍ॅलिस यांची पहिली भेट ही एका न जमलेल्या छायाचित्राची हकीकत आहे. मुली हलल्या म्हणून चित्र बिघडले. पुढच्या खेपेस त्या हलू नयेत म्हणून काय करायचे, हा प्रश्न त्या दुपारी उभा राहिला असणार आणि कॅरल यांनी काढलेले उत्तर गोष्टीचे होते.

याची साक्ष खुद्द अ‍ॅलिसने दिली आहे. १९३२ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, तिच्या आठवणी ‘कॉर्नहिल मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत ती सांगते, की बहिणी कॅरल यांच्या खोलीत गेल्या की मोठ्या कोचावर त्यांच्या दोन्ही बाजूंना बसत. ते गोष्टी सांगत आणि सांगता सांगता चित्रे काढून दाखवत. मुली अगदी खुलल्या, रमल्या, की मग ते त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवत आणि तो भाव विरण्याच्या आत काच उघडत. गोष्टींचा साठा अक्षय होता आणि पुष्कळशा गोष्टी तिथल्या तिथे रचलेल्या असत. सगळ्यांत मोठे बक्षीस म्हणजे अंधाऱ्या खोलीत शिरण्याची परवानगी. तिथे रसायनाच्या ताटात डोलवलेल्या काचेवर आपलेच रूप हळूहळू उगवताना पाहायला मिळे.

हे वाचल्यावर ‘वंडरलँड’कडे निराळ्या नजरेने पाहावेसे वाटते. त्या पुस्तकात कुणीही एका जागी बसत नाही. चहाच्या मेजावरसुद्धा सगळे सारखे जागा बदलत राहतात. १८७१च्या ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’मध्ये तर आहे तिथेच राहण्यासाठी धावावे लागते. ज्या मुलींना चित्रासाठी निश्चल बसायचे होते त्यांना सांगायच्या गोष्टींत एवढी पळापळ असावी, हा योगायोग असेलही. पण अभ्यासकांनी त्याचा विचार करून पाहायला हरकत नाही.

कॅरल यांनी १८८०पर्यंत छायाचित्रे काढली. त्यांनी घेतलेल्या मुलांच्या चित्रांविषयी आणि मुलांशी असलेल्या त्यांच्या नात्याविषयी पुढे विसाव्या शतकात मोठा वाद झाला आणि तो मिटलेला नाही. त्या वादाचा निवाडा येथे करणे शक्य नाही. आमच्या विषयापुरते एवढेच नोंदवतो, की ते आयांची अनुमती घेत. मुलाची अनुमती हा प्रश्न त्या काळी कुणाच्या मनात नव्हता, आणि गोष्टीने रमवून मिळवलेला होकार हा होकार मानायचा का, हे ठरवणे आपल्यालाही अजून जमलेले नाही.

हट्टाने न बसणाऱ्या मुलाचीही या इतिहासात एक जागा आहे. ऑस्कर रेयलांडर हे मूळचे स्वीडनचे, पण इंग्लंडमध्ये नाव कमावलेले छायाचित्रकार. कॅरल यांचे हातात भिंग घेतलेले १८६३चे प्रसिद्ध चित्र त्यांनीच काढलेले आहे. चार्ल्स डार्विन यांना मनुष्य आणि प्राणी यांच्या भावाभिव्यक्तीवरील आपल्या १८७२च्या ग्रंथासाठी मुलांची रडतानाची, हसतानाची, रुसल्याची चित्रे हवी होती. म्हणजे स्टुडिओ जे टाळायचा प्रयत्न करी, तेच शास्त्राला हवे होते. रेयलांडर यांनी भोकाड पसरलेल्या एका बाळाचे चित्र दिले आणि ते इतके गाजले की बाजारात त्याच्या प्रती स्वतंत्रपणे खपू लागल्या. ‘जिंक्सचे बाळ’ हे नाव त्याला एडवर्ड जेंकिन्स यांच्या १८७० सालच्या उपरोधिक कादंबरीवरून मिळाले. गंमत पुढेच आहे. ग्रंथातील ते चित्र म्हणजे मूळ छायाचित्रावरून खडूने काढलेल्या रेखाटनाचे छायाचित्र आहे, असे अलीकडच्या संशोधनात दिसून आले. रडणारे मूल टिपता आले, पण छापण्याजोगे स्पष्ट टिपता आले नाही. त्याला हाताने पुन्हा रेखावे लागले.

यानंतरचा तांत्रिक भाग थोडक्यात सांगतो. १८७१ साली मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. त्या दशकाच्या अखेरीस अशा काचा तयार विकत मिळू लागल्या आणि प्रकाशाचा काळ सेकंदाच्या अंशावर आला. १८८८ साली कोडॅक आला, १९०० साली एका डॉलरला मिळणारा ब्राउनी आला आणि कॅमेरा मुलांच्याच हातात गेला. आता मुलाला बांधण्याची गरज उरली नाही. क्षणभर त्याची नजर खेचली तरी पुरे. कॅमेऱ्याशेजारचा खेळण्यातला पक्षी आणि ‘इकडे बघ, चिमणी येईल’ हे छायाचित्रकाराचे आश्वासन या घडीला कामी आले. चिमणी कधीच आली नाही, हे सांगायला नको. त्या पाठोपाठ नवी अट आली : हसायचे. आजोबांच्या फोटोत कुणी हसत नाही आणि नातवाच्या फोटोत न हसलेला एकही चालत नाही, या फरकाचे मूळ पुष्कळ अंशी येथे आहे. आजोबांकडे फक्त निश्चलता मागितली होती. ती मिळाल्यावर चेहऱ्यावरचा भाव त्यांचा स्वतःचा होता.

एक चित्र मात्र आम्ही मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवले आहे.

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचा जन्म १८१५ साली कलकत्त्यात झाला आणि मृत्यू १८७९ साली सिलोनमध्ये. आयल ऑफ वाइटवरील फ्रेशवॉटर येथे राहत असताना, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १८६३च्या अखेरीस त्यांना मुलीकडून कॅमेरा भेट मिळाला. कोंबड्यांच्या खुराड्याचा त्यांनी स्टुडिओ केला आणि कोळशाच्या कोठीची अंधारखोली. सुरुवातीचे अनुभव त्यांनी १८७४ साली एका अपुऱ्या राहिलेल्या आत्मकथनात लिहून ठेवले आहेत. पहिले चित्र गावातल्या एका शेतकऱ्याचे; त्याला बसण्याचे तासाला अर्धा क्राउन या दराने पैसे दिले होते, आणि ते चित्र त्यांच्याच हाताने पुसले गेले. मग दोन मुलांना बसवले. चित्र अर्ध्यावर सुरेख चालले असताना एका मुलाला फिस्सकन हसू फुटले आणि काच गेली. तेव्हा त्यांनी अ‍ॅनी फिलपॉट नावाच्या एका लहान मुलीला एकटीला बसवले आणि तिला गळ घातली : तू हललीस तर बिचाऱ्या मिसेस कॅमेरॉनची रसायने आणि शक्ती दोन्ही वाया जातील.

हा चौथा उपाय. इथे ना लोखंड, ना आईचा हात, ना गोष्ट. मोठ्या माणसाने आपली अगतिकता मुलासमोर उघडी केली. याला भावनिक दडपण म्हणता येईल आणि तसे म्हणणाऱ्याशी आम्ही वाद घालणार नाही. पण ‘हलू नकोस’ या आज्ञेमागचे कारण मुलाला सांगावेसे वाटणे, तेही खरे कारण, ही गोष्ट त्या काळात साधी नव्हती. अ‍ॅनी हलली नाही. जानेवारी १८६४चे ते चित्र ‘अ‍ॅनी, माझे पहिले यश’ या नावाने प्रसिद्ध आहे. जाड कोट, गळ्याशी मोठे बटण, विस्कटलेले केस, नजर कॅमेऱ्याकडे नाही. कॅमेरॉन यांना इतका हर्ष झाला, की मुलीला देण्यासाठी काहीतरी शोधत त्या घरभर धावल्या. चित्र जणू सर्वस्वी तिनेच केले, अशी भावना मनात होती, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. छायाचित्रणाच्या इतिहासात मुलाच्या सहकार्याला एवढी सरळ पावती दुसऱ्या कुणी दिलेली आम्हांला ठाऊक नाही.

मात्र यश वाढत गेले तशी ती पावती मागे पडली. काचा मोठ्या झाल्या, प्रकाशाचा काळ काही मिनिटांवर गेला आणि घरातली-शेजारची मुले देवदूत म्हणून कामाला जुंपली गेली. त्यांत कॅमेरॉन यांच्या बहिणीच्या घराण्यातील लॉरा गर्नी ही छोटी मुलगी होती. पुढे लेडी ट्रूब्रिज झालेल्या लॉराने १९२५ सालच्या आपल्या आठवणींत त्या प्रसंगाचे वर्णन केले आहे. उघड्या, अरुंद खांद्यांवर हंसाचे जड पंख बांधलेले, केस विसकटून दिलेले, आणि काळ्या कापडाखालून पुढच्या क्षणी काय फर्मान निघेल याची धास्ती. स्वर्गाच्या कठड्यावरून वाकून पाहणाऱ्या त्या बालदेवदूतांच्या चेहऱ्यांवरील अपार्थिव व्याकुळतेचे समीक्षकांनी पुष्कळ कौतुक केले आहे. आपण चिंतातुर आणि खिन्न दिसतो यात नवल काहीच नाही, असे लॉरा लिहिते. त्या वेळी आम्हांला वाटतच तसे होते.